गोमंतकातील जत्रा : परागंदा देवांचा आणि त्यांच्यामागे चालणाऱ्या गावांचा इतिहास

आपल्या मठाच्या वर्धापनोत्सवास दूरदूरचा शिष्यवर्ग जमतो. कोणी बेळगाव-हुबळीकडून येतात, कोणी मुंबई-पुण्याहून, कोणी कारवार-अंकोल्याकडून, तर कोणी इंदूर-वडोदऱ्यासारख्या लांबच्या नगरांतून. परस्परांची ओळख करून घेताना 'आपले मूळ गाव कोणते?' असा प्रश्न निघतो, तेव्हा पुष्कळांच्या तोंडून गावाआधी देवाचे नाव येते. 'आम्ही मंगेशाचे', 'आम्ही शांतादुर्गेचे', 'आमची म्हाळसा' असे उत्तर मिळते. ह्या उत्तरामागे जवळजवळ पाच शतकांचा इतिहास उभा आहे. गाव सुटले, घर सुटले, वतन सुटले. परंतु देव सुटला नाही, आणि देवाकडे वर्षातून एकदा जाण्याची वाटही सुटली नाही. ह्या वाटेलाच आपण जत्रा म्हणतो. तिचा इतिहास ह्या स्मरणग्रंथात यथामती मांडण्याचा हेतू आहे.

'यात्रा' आणि 'जत्रा'

'जत्रा' हा शब्द संस्कृत 'यात्रा' शब्दाचा तद्भव आहे, हे सर्वश्रुत आहे. 'या' म्हणजे जाणे, ह्या धातूपासून तो सिद्ध होतो. अमरकोशात हा शब्द क्षत्रियवर्गात, सैन्याच्या प्रस्थानाच्या संदर्भात येतो. देवाच्या उत्सवासही तोच शब्द लागू झाला, ह्याचे कारण उत्सवात देव स्वतः गाभाऱ्याबाहेर प्रस्थान ठेवतो. म्हणून यात्रेत दोन गती असतात : भक्त देवाकडे जातो, आणि देव भक्तांकडे निघतो. पालखी, लालखी, सुखासन, अंबारी, रथ ही आपल्या देवालयांतील सारी वाहने ह्या दुसऱ्या गतीची साधने होत.

महाकवी भवभूतीच्या नाटकांच्या प्रस्तावनांतून आपल्याला कळते की, त्यांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे होत. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही यात्रा म्हटली की दर्शन, मेळा आणि नाट्य ही तिन्ही एकत्र येत. आज आपल्या जत्रेत पहाटेपर्यंत दशावतारी काला चालतो किंवा नाटक रंगते, ते पाहून काही सोवळे लोक नाक मुरडतात. त्यांनी हा दाखला ध्यानात ठेवावा. देवाच्या अंगणातील नाट्य हे जत्रेस मागाहून चिकटलेले ठिगळ नव्हे, ते तिचे जुने अंग आहे.

गावकरी आणि ऋतूंचे उत्सव

सोळाव्या शतकापूर्वीच्या गोमंतकात गावाचा कारभार गावकऱ्यांच्या संस्थेकडे असे. जमीन संस्थेची, उत्पन्न संस्थेचे, आणि देवालयाचा खर्च चालविण्याची जबाबदारीही संस्थेचीच. इ. स. 1526 मध्ये अफोंसो मेशिया ह्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ह्या चालीरीती लिहून काढल्या. 'फोराल' ह्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या लेखात करांचे आणि वारसाहक्कांचे नियम आहेत, तसेच मानपानाचेही आहेत. तिसवाडीत भाताच्या पहिल्या कापणीचा मान ताळगावचा, गावात खेळ करणाऱ्यांनी पहिला खेळ कोणाच्या दारी करावयाचा, अशा गोष्टी राज्यकर्त्यांनाही नोंदवून ठेवाव्याशा वाटल्या. ह्यावरून उत्सव हा त्या समाजाच्या व्यवस्थेचा केवढा मोठा भाग होता, हे दिसून येते.

ताळगावची गोष्ट तर विशेष मनन करण्याजोगी आहे. पुढे तो गाव ख्रिस्ती झाला, परंतु पहिल्या कणसांचा मान सुटला नाही. आजही ऑगस्ट महिन्यात तेथील ख्रिस्ती गावकरी नव्या कणसांचा उत्सव करतात. उपासनेची रीत पालटली; पण ऋतू, शेत आणि गाव ह्यांचे नाते टिकून राहिले.

देवांचे स्थलांतर

इ. स. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्क ह्याने गोवा शहर घेतले. सुमारे 1540 पासून तिसवाडीतील देवालये पाडण्यास प्रारंभ झाला. 1543 मध्ये साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगिजांच्या ताब्यात आले, 1560 मध्ये धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, गोव्यात स्थापन झाली, आणि 1566-67 च्या सुमारास साष्टीतील देवालयांचा सरसकट विध्वंस झाला. पोर्तुगीज हद्दीत उघडपणे हिंदू धर्मविधी करणे अशक्य झाले.

अशा वेळी जुवारी नदीच्या पलीकडील अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, हा आदिलशाही अमलाखाली होता. देव तेथे नेण्यात आले. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आली, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास आला. सांखवाळचा श्रीलक्ष्मीनरसिंह वेलिंगास गेला, रायेची श्रीकामाक्षी शिरोड्यास गेली. मठांवरही हाच प्रसंग ओढवला. कुशस्थळी-केळशी येथील श्रीगौडपादाचार्यांच्या परंपरेचा मठ उद्ध्वस्त झाला आणि अनेक स्थळे पाहून पुढे कवळ्यास स्थिर झाला. देव आणि गुरू दोघेही परागंदा झाले, आणि शिष्य त्यांच्यामागे चालले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी आहे. देवाने जाताना पुष्कळ ठिकाणी गावाचे नावही बरोबर नेले. वेर्ण्यातील मूळ स्थानाचे नाव म्हार्दोळ होते, तेच नव्या स्थानास मिळाले. दिवाडी बेटावरील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर, जो गोव्याच्या कदंब राजांचा कुलदेव होता, तो नदीपार डिचोली महालात नेण्यात आला, आणि त्या जागेसही नार्वे हेच नाव पडले. ह्याच देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजीमहाराजांनी शके 1590 मध्ये, म्हणजे इ. स. 1668 मध्ये करविला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. 2023 मध्ये ह्या देवालयाचे पुन्हा जतन करण्यात आले. गोकुळाष्टमीस तेथे नदीकाठी स्नानास भाविकांची जत्रा भरते. ज्यांनी गाव सोडला त्यांनी गावाचे नाव नव्या मातीत रुजविले, ही माणसाच्या मनाची केवढी थोर शक्ती !

फोंडा महालात देवालयांस पुढे चांगले दिवस आले. अठराव्या शतकात सातारच्या दरबारात व सौंदेकरांच्या पदरी असलेल्या गोमंतकीय मुत्सद्द्यांनी आपापल्या कुलदेवतांची भव्य मंदिरे उभारली. कवळ्याच्या शांतादुर्गेच्या मंदिराशी शाहूछत्रपतींचे मंत्री नारोराम ह्यांचे नाव निगडित आहे. 1763 मध्ये फोंडा महाल पोर्तुगिजांकडे गेला, परंतु तोवर काळ पालटला होता. नव्या मुलखातील देवस्थानांस हात लावावयाचा नाही, हे धोरण राज्यकर्त्यांस पत्करावे लागले. म्हणून ज्या देवांनी दोनशे वर्षांपूर्वी नदी ओलांडली, ते त्याच सत्तेखाली पुन्हा आले तरी निर्भय राहिले.

कुंकळ्ळीची छत्रे

स्थलांतरित देवाची जत्रा म्हणजे काय, हे ज्यास डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने फाल्गुन शुद्ध पंचमीस कुंकळ्ळीस जावे. कुंकळ्ळी हा साष्टीच्या दक्षिण टोकाचा लढवय्या गाव. देवालयांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या येथील लोकांनी कर देण्यास नकार दिला. इ. स. 1583 च्या जुलै महिन्यात गावात आलेल्या पाच जेझुइट धर्मोपदेशकांना त्यांनी ठार केले. त्यांतील रुदोल्फ आक्वाविवा हा थोड्याच काळापूर्वी अकबर बादशहाच्या दरबारातून परतला होता. त्यानंतर वाटाघाटीच्या निमित्ताने गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविण्यात आले आणि तेथे त्यांचा वध करण्यात आला. सोळांपैकी एकच नदीत उडी टाकून निसटला, असे परंपरा सांगते. आज कुंकळ्ळीस त्या नायकांचे स्मारक उभे आहे.

ह्या धामधुमीच्या काळात कुंकळ्ळीची श्रीशांतादुर्गा फातर्प्यास नेण्यात आली. तेव्हापासून ती 'शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण' ह्या नावाने ओळखली जाते. देवी फातर्प्यास राहते, पण ती कुंकळ्ळीची आहे, हे तिच्या नावातच कोरलेले आहे. फाल्गुन शुद्ध पंचमीस देवीची उत्सवमूर्ती पालखीत बसून आपल्या मूळ स्थानी येते. पालखीबरोबर बारा वांगडांची, म्हणजे बारा गावकरी कुळांची, बारा छत्रे नाचत येतात. कोकणीत ह्या उत्सवास 'सांत्र्यो' म्हणतात. गुलाल उधळला जातो, ढोल-ताशांचा गजर होतो, आणि काही घटकांकरिता देवी आपल्या गावात असते. मग ती पुन्हा फातर्प्यास परत जाते.

त्या बारा कुळांतील पुष्कळ घरे पुढे ख्रिस्ती झाली. तरीही कुळाचे नाते संपले नाही. छत्रोत्सवात ख्रिस्ती गावकऱ्यांचाही आदराने सहभाग असतो. ज्या भूमीत धर्माच्या नावाने रक्त सांडले, त्याच भूमीत देवीच्या वाटेवर दोन्ही धर्मांचे भाऊबंद उभे राहतात. इतिहास विसरून हे घडत नाही, स्मारक तर तेथेच आहे. इतिहास पूर्ण आठवूनही वैर पुढे न नेणे ही जत्रेची शिकवण होय, आणि ती पोथीत शोधून सापडावयाची नाही.

मठग्रामाचा दामोदर

दुसरे उदाहरण मडगावचे. ह्या नगरीचे जुने नाव मठग्राम असे परंपरा मानते. तेथील श्रीदामोदर कुशावती नदीच्या काठी जांबावली येथे गेला. देव गेला, तरी मडगावकरांनी आपला ग्रामदेव बदलला नाही. आजही मडगावात नव्या कार्याचा आरंभ दामोदराचे स्मरण करून होतो. आणि फाल्गुनात शिमग्याच्या उत्सवास मडगावची कुटुंबेच्या कुटुंबे जांबावलीस बिऱ्हाडे करून राहतात. दिवसा पूजा-अभिषेक, रात्री मराठी नाटके, आणि मग तो प्रसिद्ध गुलाल. त्या दिवशी लहानथोर, धनी-सेवक सारे एकाच रंगाचे होतात.

हे राहणे महत्त्वाचे आहे. एक अख्खे नगर आठवडाभर आपल्या देवाच्या गावी राहावयास जाते, म्हणजे सोळाव्या शतकातील ते प्रस्थान ते दरवर्षी पुन्हा आचरते. मात्र ज्या वाटेने पूर्वी भीतीने पळावे लागले, त्याच वाटेने ते आता आनंदाने जाते.

ह्याच दामोदराची एक शाखा वास्को शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे साथीचा कहर झाला, तेव्हा लोकांनी जांबावलीस जाऊन देवास साकडे घातले आणि प्रसादाचे श्रीफळ आणून त्यापुढे अखंड भजन आरंभिले. तेव्हापासून श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी अहोरात्र भजनी सप्ताह होतो. बंदरातील व्यापारी, कामगार, परप्रांतीय, सारे त्यात असतात. जुने गाव तुटले तेव्हा जत्रा देवामागे गेली. नवे शहर वसले तेव्हा देव भक्तांमागे आला.

बहिणींची जत्रा

सर्वच देवता स्थलांतरित नव्हेत. डिचोली तालुक्यातील शिरगावची श्रीलईराई आपल्या जागीच आहे. वैशाख शुद्ध पंचमीस तिची जत्रा भरते. व्रतस्थ धोंड हातात वेताच्या काठ्या घेऊन, गळ्यात मोगऱ्याच्या माळा घालून येतात, तळ्यात स्नान करतात, आणि पहाटेपूर्वी होमकुंडातील निखाऱ्यांवरून चालत जातात. लोकपरंपरेनुसार लईराई ही सात बहिणींपैकी एक. मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई ह्या तिच्या बहिणी. आणि म्हापश्याच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण हीदेखील त्यांच्यातीलच एक मानली जाते. मिलाग्रीसच्या फेस्तास हिंदू भाविक तेल वाहण्यास जातात, आणि दोन्ही स्थानांत तेल-फुलांची देवघेव चालत आली आहे. शास्त्रार्थाने पाहू जाता ही कथा कोठे बसवावी, असा प्रश्न पंडितास पडेल. पण खेडुताने शास्त्रार्थ केला नाही. त्याने बहिणीचे नाते जोडले आणि काम भागविले.

ह्या जत्रा-फेस्तांचा व्यवहाराशीही निकट संबंध होता. वैशाखातील बाजारांत पावसाळ्याची बेगमी होई. मीठ, मिरची, कांदे, मातीची भांडी, सुपे, रोवळ्या ह्यांची खरेदी करून लोक घरी जात. ह्या बेगमीस गोव्यात 'पुरुमेत' असा पोर्तुगीज भाषेतून आलेला शब्द आहे. लेकरांकरिता खाजे आणि चणे घेतल्याविना जत्रेहून परतावयाचे नाही, हा रिवाज अजूनही चालू आहे.

जत्रा कोणाची ?

आता एका नाजूक विषयास स्पर्श करणे अवश्य आहे. देवस्थानांचा कारभार महाजनांकडे असतो. पोर्तुगीज सरकारने 1886 मध्ये, व पुढे 1933 मध्ये, महाजनकीचे नियम कायद्याने बांधून दिले. त्यामुळे हिशेब, मालमत्ता व निवडणुका ह्यांना शिस्त आली. परंतु जे पूर्वी परस्परसंमतीने व रूढीने चाले, ते कागदावरील हक्काचे झाले, आणि मानपानाचे तंटे न्यायालयापर्यंत जाऊ लागले.

जत्रेचा इतिहास मात्र कागदापेक्षा विस्तृत आहे. पालखी कोणी वाहिली? मशाली कोणी धरल्या? समया, घागरी कोणी घडविल्या, वाद्ये कोणी वाजविली, होमाची लाकडे कोणी आणली? प्रत्येक कामामागे एकेक समाज आहे, आणि त्याच्याविना देव गाभाऱ्याबाहेर पडू शकत नाही. ज्या कलावंतिणींच्या व भाविणींच्या गायन-नर्तनाने आमचे सभामंडप गाजले, त्यांच्या वाट्यास त्या सेवेबरोबर केवढी मानहानी आली, हे सांगण्यास आपण लाजू नये. विसाव्या शतकात त्या समाजाने स्वतः संघटित होऊन ती प्रथा मोडली, आणि त्याच घराण्यांतून भारतीय संगीतास थोर गायक-गायिका लाभल्या. देवाने त्यांचा स्वर केव्हाच स्वीकारला होता. समाजाने त्यांना मान देण्यास मात्र फार उशीर केला.

महाजन शब्दाचा अर्थ मालक असा नाही. सोळाव्या शतकात देव डोक्यावर घेऊन रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणाऱ्यांचे वारस, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्या रात्री होडी वल्हविणाऱ्याचेही वारस आज जत्रेत असतात, हे महाजनांनी विसरू नये. ज्या दिवशी जत्रा हा हक्काचा विषय होतो आणि कर्तव्याचा राहत नाही, त्या दिवशी ती क्षीण होऊ लागते.

तुटलेली व जोडलेली वाट

बेळगावकडील शिष्यवर्गास आणखी एका विरहाचे स्मरण असेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुरगावची आगगाडी कॅसलरॉकमार्गे सुरू झाली, आणि लोंढ्याहून गाडीत बसून घाट उतरून जत्रेस येणे सुकर झाले. परंतु 1955 मध्ये गोवामुक्तीच्या सत्याग्रहाच्या वेळी सरहद्द बंद झाली व रेल्वेची वाहतूक थांबली. पुढील सहा वर्षे अनेक कुटुंबांना कुलदेवतेचे दर्शन दुर्लभ झाले. घरातील देव्हाऱ्यापुढेच नारळ ठेवून त्यांनी जत्रेची तिथी पाळली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि वाट पुन्हा मोकळी झाली. सोळाव्या शतकात नदी आडवी आली होती, विसाव्या शतकात सरहद्द आली. दोन्ही वेळा तिथी टिकली म्हणून नाते टिकले.

आजचे कर्तव्य

आज कोणतीही सरहद्द आडवी नाही. रस्ते चांगले आहेत, वाहने घरोघरी आहेत. तरीही एका अर्थाने जत्रा आखडत चालली आहे. सकाळी यावे, दर्शनाच्या रांगेत उभे राहावे, ओटी भरावी, प्रसाद घ्यावा आणि दुपारपूर्वी परतावे, असा क्रम पुष्कळांचा झाला आहे. असे दर्शन निष्फळ नव्हे. परंतु त्यात यात्रेची एकच गती उरते. भक्त देवाकडे जातो, पण देव भक्तांकडे निघतो त्या वेळी भक्त तेथे नसतो. पालखी रात्री निघते, आणि तोवर आपण अर्ध्या वाटेवर असतो.

दुसरीकडे काही जत्रांत गर्दी अनावर झाली आहे. 3 मे 2025 रोजी पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविकांनी प्राण गमावले व अनेक जखमी झाले. ही दुःखद घटना प्रत्येक देवस्थानास इशारा आहे. पूर्वी गावचा माणूस गावची वाट ओळखत असे, कोणी कोठे उभे राहावे हे रूढीने ठरलेले असे. आता येणाऱ्यांत अनोळखी लोक फार. म्हणून रूढीचे काम नियोजनाने व स्वयंसेवकांनी केले पाहिजे. 'आधी मी' म्हणून पुढे घुसणारा भाविक देवाच्या जवळ जात नाही. तो दुसऱ्या भाविकाच्या जिवावर उठतो.

म्हणून मठाच्या शिष्यवर्गास, विशेषतः तरुणांस, तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, वर्षातून एका जत्रेस तरी रात्रभर राहावे. पालखी पाहावी, काला पाहावा, पहाटेची आरती घेऊन मग निघावे. दुसरी, आपल्या कुलदेवतेचे मूळ स्थान कोणते हे जाणून घ्यावे, शक्य तर तेथे जाऊन नमस्कार करावा. तेथे आज दुसऱ्या धर्माचे मंदिर असले तरी नमस्कारास अडचण येत नाही. वेर्ण्यास म्हाळसेच्या मूळ स्थानी अलीकडे पुन्हा मंदिर उभे राहिले आहे, ते तर अवश्य पाहावे. तिसरी, घरातील वडीलधाऱ्यांकडून आपल्या कुळाची जत्रेतील सेवा कोणती, कोणत्या तिथीस कोण येत असे, बिऱ्हाड कोठे असे, हे लिहून ठेवावे. पाचशे वर्षांचा हा इतिहास बव्हंशी तोंडी चालत आलेला आहे, आणि सांगणारी पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे.

कार्तिकात चातुर्मास संपला की पहिल्या जत्रेचे ढोल वाजू लागतात, आणि वैशाखापर्यंत एकामागून एक गाव जागा होत जातो. मठ हे आपल्या ज्ञानाचे स्थान, तर जत्रा ही आपल्या स्मृतीची वाट. ज्ञानाविना स्मृती आंधळी होते, स्मृतीविना ज्ञान पोरके होते. दोन्ही अखंड राहोत, आणि ज्या देवांनी आपल्या पूर्वजांसाठी नदी ओलांडली त्यांच्या पालखीपुढे आपली मुलेबाळेही चालत राहोत, हीच श्रीगुरुचरणी प्रार्थना.